उशिरा येणारी किंकाळी

प्रिय किंकाळीबाई,

या पत्रात तुझी ख्यालीखुशाली विचारायची नाही, असं ठरवून बसलोय. मी रागावलोय. आणि राग करायचा तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून करावा, म्हणून फोन न करता कागद घेतला.

रविवारी दुपारी वायरमनच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही नेहमीसारखे सिनेमासाठी पडदे ओढले, वायरींची भेंडोळी सरकवली, तुझी डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवली, आणि दारात उभी कोण, तर तुझी नणंद! वर तुझा निरोप: मला वेळ नाही, हिला घ्या, हिचा आवाज चांगला आहे. अगं, आम्ही काय बसचे ड्रायव्हर आहोत, एक रजेवर गेला की बदली धाडायला? इतकी वर्षं बसस्थानकाच्या माइकवरून गाड्यांचे फलाट बदललेस, म्हणून आता माणसंही बदलायला निघालीस?

बाई भल्या आहेत. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे. सिनेमा आपला तोच, तळघरातल्या पिशाच्चाचा. पिशाच्चाच्या मनगटावर घड्याळ दिसलं, आम्ही दोघं सवयीने "किती वाजले हो?" म्हणून ओरडलो, तर यांनी स्वतःच्या घड्याळात बघून वेळ सांगितली. नायिका टेकल्यावर थडगं हललं, तर हळहळल्या, "एवढा खर्च केला, थडगं तरी पक्कं बांधायचं!" तेही मी गिळलं. पण पिशाच्च पायऱ्या चढून आलं आणि बाईंनी किंकाळी फोडली. खणखणीत, आणि बरोब्बर वेळेवर! वायरमनने कपाळाला हात लावला. माझ्या कानाशी लागून म्हणतो कसा, "शास्त्रीबुवा, ह्यांना कुणीतरी सांगा हो, खरंच घाबरायचं नसतं!"

भीतीचं कारण तो विभाव, आणि भीतीने सुटणारी किंकाळी, घाम, थरथर हे अनुभाव, असं मी वर्गात पेंगणाऱ्या मुलांना अजूनही शिकवतो. आपल्या सिनेमात विभाव पुठ्ठ्याचा, आणि अनुभाव तुझ्या स्थानकातल्या गाड्यांसारखा. नायिका आ करते, तोंड मिटते, केस सावरते, आणि मग कुठूनशी किंकाळी येते, तीही भलत्याच बाईची. शास्त्राचा एवढा चोख सत्यानाश मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, म्हणून तर दर रविवारी जातो.

आणि त्या सत्यानाशाला साथ द्यायला तू होतीस. आठवतं ना, पहिल्यांदा तुझ्या घशात लाही अडकली होती? नायिकेची किंकाळी येऊन गेली, पिशाच्च तळघरात परतलं, सगळं शांत झालं, आणि तुझी लाही सुटली. अशी ओरडलीस, की वरच्या मजल्यावरचे वकील छत्री उगारून धावत आले. आणि आल्यासरशी सिनेमा शेवटपर्यंत बघून गेले! त्या दिवसापासून तुझं हे नाव पडलं, आणि उशिरा ओरडायचा मान तुझा झाला.

असो. चहा घेताना मी बाईंना जरा तिरकसच विचारलं, वहिनींना म्हणे वेळ नाही? तर बिचाऱ्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "वेळ कसला नाही? गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज कुजबुजण्यापुरताच उरलाय तिचा. दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसते. माइकचं काम गेलं, आता तिथे जाऊन मुक्यासारखी काय बसू, म्हणते." वायरमन उठून उगीचच प्रोजेक्टरची काच पुसायला लागला. मी संतापलो, तो संताप अजून उतरलेला नाही. किंकाळीसाठी आम्ही तुला कामावर ठेवलं होतं काय? आवाज गेला, राजीनामा द्या, बदली माणूस पाठवा! इतक्या वर्षांच्या मैत्रीचा हा हिशेब तू एकटीने, आतल्या खोलीत बसून केलास, आणि आम्हाला विचारलंही नाहीस.

तेव्हा हे पत्र म्हणजे राजीनामा नामंजूर. येत्या रविवारी तू यायचंस. नणंदबाईंनाही आण, त्यांना वेळ सांगायला बसवू. पिशाच्च पायऱ्यांवर आलं की तू फक्त आ करायचा, सावकाश तोंड मिटायचं आणि केस सावरायचे. किंकाळी मी आणि वायरमन मिळून फोडू. आमचे आवाज तुला शोभणार नाहीत, आणि उशीर तर हमखास होईल. पण त्या नायिकेला तरी स्वतःची किंकाळी कुठे होती?

तुझाच,
अजून रागातच असलेला
शास्त्रीबुवा