हॉलचं नाव एकाच जागी

शनिवार, २१ जानेवारी २००६, हर्नडन, अमेरिका

मी सांगते, सूनबाई लिहिते. मंजू, तुझी फजिती गाळू नकोस.

इथल्या महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू उद्यावर आलं आणि हॉल बदलला. मंडळाची वेबसाइट मंजू सांभाळते. दुपारभर पानापानावर जाऊन नाव बदलत होती. मला वाचता येत नाही, पण अक्षरांचं चित्र कळतं. मी बोट ठेवलं, "हे जुनंच आहे गं." पुढच्या पानावरही जुनंच चित्र. सगळ्या जणी नटूनथटून जुन्या हॉलच्या बंद दारापाशी थंडीत उभ्या राहिल्या असत्या.

"एकच नाव इतक्या ठिकाणी कशाला लिहिलंस? मला लिहिता येत नाही, म्हणून माझं सगळं एकाच जागी, डोक्यात. हवं त्यानं मला विचारावं."

इंजिनिअर सून म्हणाली, "आई, कॉन्फिग फाइल. अशा गोष्टी एकदाच लिहून ठेवायची जागा."

नाव तिनं त्या एका फाइलमध्ये ठेवलं आणि प्रत्येक पानाच्या टेम्प्लेटला, म्हणजे साच्याला, सांगितलं, तिथून विचारून घे. मी सगळी पानं पाहिली. सगळीकडे नवं चित्र.

मलाच कसं सुचलं? असो. उद्या कुणी विचारलं, वेबसाइट कुणी सुधारली, तर माझं नाव सांग मंजू. एकदाच सांगितलंस तरी पुरे.