समुद्राचा धडा कोण घेणार

३ ऑक्टोबर
संकल्प : वसरामविषयी वाईट विचार करायचा न्हाई. तो माझ्याच तांड्याचा, माझ्यासंगं एकाच वर्गात शिकलेला, आता माझ्याच शाळेत मास्तर. मागच्या महिन्यात कोकणात जाऊन आला तर आला. मला काय तकलीफ?

४ ऑक्टोबर
तकलीफ झाली. वसरामनं सातवीच्या वर्गात बाटलीभर समुद्राचं पाणी आणि एक शंख आणून ठेवला. पोरं रांग लावून शंख कानाला लावून राहिली. रांगेत सगळ्यात पुढं आमची पोरगी, गुंजन. एकोणीस वर्षं झाली, या शाळेत भूगोल मी शिकवतो. निळ्या खडूनं फळाभर समुद्र काढतो, लाटांसकट. त्याला आजपर्यंत कुणी कान लावला न्हाई.

मधल्या सुट्टीत बाटलीतलं पाणी चाखलं. खारट आहे. पण मीठ तर घरोघरी असतं.

१० ऑक्टोबर
हेडमास्तर रामकिशन सरांनी बोलावलं. म्हणाले, दिवाळीनंतर सातवीला भरती-ओहोटीचा धडा आहे, तो वसरामनं घ्यावा, त्यानं समुद्र पाहिलाय. मी म्हणालो, सर, मग सूर्यमालेचा धडा कोण घेणार? हेडमास्तर हसले न्हाईत. मग मी म्हणालो, दिवाळीत मीही समुद्र पाहून येतो. ते म्हणाले, व्हय, मग तुमीच घ्या. बात पक्की.

घरी येऊन सांगितलं. गुंजन म्हणे, बापू, वसराम काकांना विचारून जाऊ, त्यांना सगळं माहीत आहे. जेवण गेलं न्हाई.

२६ ऑक्टोबर, भाऊबीज
निघालो. सेनगावच्या शेषरावची जीप केली. बायकोला, संगिताला, आज जवळा बाजारला भावाला ओवाळायला जायचं होतं. मी म्हणालो, भाऊ कुठं पळून चाललाय? ती म्हणे, आणि समुद्र? तेव्हापासून बोलून न्हाई राहिली.

दुपारी वसरामचा मेसेज आला. उघडला न्हाई. निळ्या खुणा दिसल्या की त्याला वाटेल, मला गरज आहे.

२७ ऑक्टोबर, संध्याकाळ
पोचलो. गावाचं नाव खडपवाडी. वसराम गेला होता तो किनारा वाळूचा, घोडागाडीवाला. तसला कुणीही पाहतो. मी मुद्दाम हा निवडला. काळे खडक, मागं डोंगरभर दाट जंगल, गाडीरस्ता संपल्यावर अर्धा तास पायवाट.

समुद्र पाहिला. फार मोठा आहे. फळ्यावर मी जरा लहान काढत होतो. वसरामला एवढा दिसला नसणार.

संगिता बराच वेळ नुसती पाहत बसली. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर म्हणे, वसराम भाऊजींनी सांगितला होता तसाच आहे. मी जीपपर्यंत एकटा चालत गेलो.

२८ ऑक्टोबर, सकाळी १०
योजना : दूरच्या मोठ्या खडकावर बसून धड्याचा व्हिडिओ काढायचा. वर्गात लावला की वसरामची बाटली खलास. पाणी पार मागं गेलंय, कोरड्या पायानं जाता येतं. तिघंही आलो. मला एक शंख सापडला, वसरामच्या दुप्पट. खिशात टाकला.

११.३०
गुंजन म्हणे, बापू, बारापर्यंत उतरायचं. आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे तीन वाजता पाणी पुरं भरणार. कुणी सांगितलं, विचारलं. वसराम काकांचा मेसेज होता म्हणे. माझा फोन हिनं उघडला. गेल्या निळ्या खुणा.

म्हणालो, समुद्रानं काय भिंतीला कॅलेंडर टांगलंय? भरती-ओहोटी मी शिकवतो का वसराम शिकवतो? तुमी जा. दोघी गेल्या.

११.५०
व्हिडिओ सुरू. 'भरतीचं पाणी हळूहळू चढतं' हे वाक्य चांगलं जमलं. तीनदा घेतलं.

१२.३५
खडकाच्या चारी बाजूंनी पाणी. बेटाचा उत्तम नमुना.

१.१०
उतरता येईल, पण फोन भिजेल. पोहताही येत न्हाई, पण मुख्य कारण फोन.

१.३०
खिशात काहीतरी चावलं. शंखाला पाय आहेत. बाहेर काढला तर खडकावरून चालत सरळ पाण्यात गेला. त्याला जाता येतं.

२.००
काठावर जंगलाच्या सावलीत शेषराव धपाटे खाऊन राहिला. माझ्या वाटचे असावेत.

२.४०
उभं राहून लिहून राहिलो. पाणी घोट्याला. गुंजन ओरडून राहिली, ऐकू येत न्हाई. रडून राहिली बहुतेक. संगिता गुडघाभर पाण्यात उतरली, शेषरावनं हात धरून मागं ओढली. तिनं काहून उतरावं? तिलाही पोहता येत न्हाई.

३.०५
पाणी चढायचं थांबलं. योगायोग.

संध्याकाळी ६
होडीवाल्यानं उतरवलं. मी बोलावलं नव्हतं, संगितानं धावत जाऊन आणला. शेषरावनं सगळ्याचा व्हिडिओ काढून सेनगावच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. संगिता आता बोलून राहिली. बोलत नव्हती तेच बरं होतं.

वसरामचा मेसेज वाचला. भरतीची वेळ काढायची रीत लिहून खाली : सुदाम, लेकराला खडकावर जास्त वेळ थांबवू नको. तू वाचणार न्हाईस, म्हणून गुंजनला दाखवायला वहिनींनाही पाठवलाय.

म्हणजे माझा फोन तिनं उघडलाच नव्हता. मी उगाच बोललो. वसराममुळं.

१० नोव्हेंबर
शाळा उघडली. धडा वसरामनं घेतला. शेषरावचा व्हिडिओ लावला. हेडमास्तरांनी मला मागच्या बाकावर बसवलं, म्हणे तुमचा प्रत्यक्ष अनुभव आहे, काही चुकलं तर सांगा. काही चुकलं न्हाई. एक पोरगं हसलं, त्याला वसरामनंच गप्प केलं. हेही त्यानंच करायचं.

मग पोरांना निबंध दिला, मी पाहिलेला समुद्र. वर्गात समुद्र पाहिलेली एकटी गुंजन, बाकीच्यांनी व्हिडिओवर भागवलं. तिनं लिहिलं : 'समुद्र मला आवडला नाही. माझे बापू त्यात उभे होते आणि माझा हात पोचत नव्हता. तीन वाजेपर्यंत मी मोजत बसले. मला आता तिथं जायचं नाही. बापू फळ्यावर काढतात तो समुद्र चांगला आहे. त्यात कुणी बुडत नाही.'

वसरामनं दहापैकी नऊ दिले. मी दहा दिले असते.

वही घरी आणली आहे. निबंधाखाली वसरामची सही आहे. खोडायला घेतली होती, पण पान पातळ आहे, फाटलं असतं. राहू दिली.