ज्यांच्या नावाने हुकूम निघतो

बाबा, स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आपण दोघं मटार सोलत होतो, तो रविवार आठवतो का? मी दहा वर्षांची. तुम्ही सोलत होता आणि मी दाणे खात होते. आई ओट्याशी पाठमोरी उभी. आदल्या दिवशी कॉलेजच्या शिपायाने आणून दिलेला तुमच्या बदलीचा कागद फळीवर मिठाच्या बरणीखाली ठेवलेला. जयपूरहून थेट बाडमेर. त्या कागदाच्या शेवटी हिंदीत लिहिलं होतं, ‘राज्यपाल की आज्ञा से’, आणि खाली कुणा शासन उप सचिवाची सही.

मी फ्रॉकच्या खिशातून पाकीट काढून तुमच्यापुढे धरलं. शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं तसं ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरुवात करून मी राज्यपालांना इंग्रजीत लिहिलं होतं, की माझ्या बाबांना लांब पाठवू नका, माझं गणित तेच घेतात. पत्ता, राजभवन, सिविल लाइंस. तिकीट तेवढं तुमच्याकडून हवं होतं.

तुम्ही पत्र पूर्ण वाचलंत, दोन स्पेलिंगं दुरुस्त केलीत, आणि मग म्हणालात, “राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाची मुलगी तू, आणि चुकीच्या माणसाला लिहितेस?”

“पण आज्ञा त्यांनीच दिलीय. तसं लिहिलंय तिथे.”

“त्यांना बिचाऱ्यांना मी कोण ते माहीतही नसेल.”

मग तुम्ही समजावून सांगितलंत. राज्य सरकारचा प्रत्येक हुकूम राज्यपालांच्या नावाने निघतो, पण ठरवतं मंत्रिमंडळ. मंत्रिमंडळाचा प्रमुख मुख्यमंत्री, आणि ते सगळे विधानसभेला, म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्यांना जबाबदार. सह्या करायला सचिवालय. राज्यपालांची नेमणूक दिल्लीहून होते खरी, पण राज्य म्हणजे दिल्लीचं शाखा कार्यालय नव्हे, हे तुम्ही हातातली शेंग हलवत दोनदा सांगितलंत.

“म्हणजे राज्यपाल स्वतः काहीच ठरवत नाहीत?”

“क्वचित. एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात.”

आई मागे न वळता म्हणाली, “आपल्याकडे आहे तसंच. ‘बाबांनी सांगितलंय’ म्हणून मी तुला दटावते, तेव्हा बाबांना पत्ता तरी असतो का?”

“बघ,” तुम्ही म्हणालात, “मी राज्यपाल, ही मंत्रिमंडळ.”

“आणि विरोधी पक्ष?”

“तोही हीच.”

“मटार सोला,” आई म्हणाली.

हसून झाल्यावर तुम्ही एकदम वर्गातल्या आवाजात बोललात. “पण एक लक्षात ठेव. दुसऱ्याच्या नावाने हुकूम काढायचा तर मागे फाइल लागते. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, का ठरवलं, ते तिच्यात असायला हवं. फाइलच नसेल तर तो हुकूम नव्हे, लबाडी.” तिकीट दिलं नाहीतच. बाडमेरला गेलात आणि तीन वर्षांनी परत आलात.

बाबा, मी थकलेय. पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून जगतपुऱ्याच्या या फ्लॅटमधली कपाटं आवरतेय. दर अर्ध्या तासाने बसावं लागतं. काल तुमची राज्यघटनेची प्रत खाली काढली, तर तिच्यातून ते पाकीट पडलं. बिनतिकिटाचं, आत दोन स्पेलिंगं खोडलेलं पत्र. तुम्ही ठेवलं होतंत. मी ते मांडीवर घेऊन बसले होते, आणि नेमका तेव्हाच पुण्याहून तुमच्या लेकाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, “ताई, एक विचारू? आईबद्दल बाबा ते नेमकं कधी म्हणाले होते? शेवटच्या आठवड्यात मी रोज त्यांच्याशी बोलत होतो. मला कसे बोलले नाहीत?”

मी म्हटलं, “अरे, सिलिंडरवाला भैया आलाय दारात, नंतर बोलते.” दारात कुणी नव्हतं.

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तो आईला पुण्याला घेऊन निघाला होता. आईने बॅग स्वतः भरली होती, ती दाराशी ठेवलेली. तेव्हा मी म्हणाले, “बाबांनी सांगितलंय, आईने जयपूर सोडायचं नाही.” तुमच्या शब्दापुढे तो कधीच बोलला नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं. जिने आयुष्यभर हेच वाक्य वापरलं, तिला ते कुणाचं आहे हे कळायला किती वेळ लागणार? “असं म्हणाले होते होय,” एवढंच ती बोलली, आणि बॅगेतल्या साड्या एकेक करून कपाटात परत लावल्या.

शेवटपर्यंत, सहा वर्षं, ती माझ्याजवळ राहिली. आनंदात होती, असं मी सगळ्यांना सांगते. पण थंडी सुरू झाली की विचारायची, “पुण्यात आता हवा कशी असेल गं?” आणि मी तिला पुण्याचं तापमान वाचून दाखवायचे. ती मान हलवायची. एकदाही म्हणाली नाही की मला जायचंय. हुकूम तुमच्या नावाचा होता ना.

तुम्ही काहीही सांगितलं नव्हतंत. तुमच्यानंतर या शहरात एकटीने राहायची मला भीती वाटत होती. ‘मला आई हवी’ हे माझ्या नावाने म्हणता आलं नाही. फाइल नव्हतीच, बाबा.

डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही नाही. तरी एका कागदावर लिहून ठेवलंय. राज्यघटनेची प्रत, तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसकट, भाचीला, ती स्पर्धा परीक्षेला बसतेय. मिठाची बरणी शेजारच्या भाभीजींना, त्यांचा लोणच्यासाठी कधीपासून डोळा आहे तिच्यावर. आईच्या साड्या सगळ्या पुण्याला. निदान त्या तरी जाऊ देत. राज्यपालांचं पाकीट भावाला, तो हसेल.

आणि हे पत्र. लिहिता लिहिता कळलं, मी पुन्हा चुकीच्याच माणसाला लिहितेय. हेही त्यालाच द्यायचं. या पत्राच्या पाकिटावरचं ‘बाबा’ खोडून त्याचं नाव घातलंय. या वेळी तिकीट घरातच आहे. अजून लावलेलं नाही.