हाक मारायचं नाव

प्रिय दादा,

चाळिशी उलटल्यावर मी कॉलेजात प्रवेश घेतेय, संध्याकाळच्या वर्गांना. अर्जात दोन रकाने होते: कागदपत्रांवरचं नाव आणि वर्गात हाक मारायचं नाव. पहिला लगेच भरला. दुसऱ्यापाशी अडले.

लहानपणी तुझ्या मागेमागे फिरायचे म्हणून तू मला 'शेपूट' म्हणायचास. मग घरातले सगळेच म्हणायला लागले. आई-बाबा गेल्यावर तसं म्हणणारा तू एकटाच उरलास. पुढे घराच्या वाटणीवरून आपलं बिनसलं, आणि त्यानंतरच्या फोनवर तू मला कागदपत्रांवरच्या नावाने हाक मारलीस, बँकेतला माणूस मारतो तशी. त्यापेक्षा भांडला असतास तर बरं वाटलं असतं. म्हणून हे पत्रही पाठवणार नाहीये. उत्तरात पुन्हा तेच नाव असेल, आणि ते वाचणं मला सोसणार नाही.

मी दुसऱ्या रकान्यात 'शेपूट' लिहून टाकलं. अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी तो वाचून चष्मा वर सरकवला.

"अहो, हे काय भलतंच? वर्गातली पोरं हसतील तुम्हाला!"

"हसू देत," मी म्हटलं. "हाक तर मारतील."

तुझी,
धाकटी बहीण