दारातलं अंथरूण

मंगळवार, दिवेलागण. कर्नाटकातला ऊसतोडीचा फड.

बीडच्या दवाखान्यातल्या ताईंचा फोन आलता. मी मरायला गेलतो, तवापासून दर आठवड्याला बोलत्यात. म्हणल्या, "परत तसं मनात आलं तर तिथं कोणाला सांगशील? एकाला तरी आज सांगून ठेव."

मोळ्या बांधताना जोडीदार भीमाला सांगितलं. सांगताना काही वाटलं न्हाई. आताबी न्हाई.

"कावून लपवलं बे? मी काय दवंडी देणार होतो?"

आता त्यानं आपलं अंथरूण आमच्या पाचटाच्या कोपीच्या दारात आडवं टाकलंय. राग आला. म्हणलं, "मी काय जनावर हाय, राखायला?"

"तसं मनात आलं की मला उठव. शिव्या देईन, पण उठव."

अंथरूण दारातच हाय. उठवीन का मी? हो म्हणलोय त्याला. खोटं म्हणलो का, लई येळ मनात चाचपून बघितलं. खोटं न्हाई.