जनीआत्याच्या नावाची माशी

ती. जनीआत्या,

दिपेशचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता काय म्हणतात? इकडे टिटवाळ्यात आम्ही सगळे मजेत, म्हणजे काल दुपारपर्यंत होतो. फोन करायची हिंमत नाही, म्हणून पत्र. (हातात कोयता असेल तर आधी खाली ठेव.)

आमच्या निसर्गमंडळाला सापडलेली ती काळी, चकचकीत, पिटुकली माशी तुला ठाऊकच आहे. वासंतीबाईंना (मंडळाच्या अध्यक्ष, आमच्या बिल्डिंगच्याही अध्यक्ष, आणि अंड्याचं नाव काढलं तरी खिडकी उघडणाऱ्या) ती मंडळाच्या कपाटात दिसली. हे कपाट आमच्याच घरी असतं. माशी कुठल्याच पुस्तकात सापडेना, तेव्हा ती जगाला नवीन आहे असं आम्ही एकमताने ठरवून टाकलं, आणि मी उत्साहाच्या भरात तुला कळवलं की तिला तुझं नाव देणार. पण तू लगेच टेंभी नाक्यावर फलक लावशील, तोही माशी तुझ्याहून मोठी दाखवून, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं गं!

काल कीटक ओळखणारे एक प्राध्यापक आले. भिंगातून बघून म्हणाले, "घरात सुकी मासळी आहे का?" वासंतीबाई म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगमध्ये? शक्यच नाही!" आणि खात्री पटवायला त्यांनी कपाट सताड उघडलं. आत्या, वासाची तक्रार नको म्हणून तू दिलेली बोंबलांची पिशवी मी तिथेच, फुलपाखरांच्या पेट्यांमागे दडवली होती. पिशवी उघडली तर आत अळ्या! आणि त्या चक्क उड्या मारत होत्या! एक वासंतीबाईंच्या चष्म्यावर बसली. ही माशी सुक्या मासळीवर जगभर होते म्हणे, तिला नावही केव्हाचंच आहे. मी अजून हादरलेलो आहे, कारण त्याच बोंबलांची चटणी मी परवा दोनदा मागून घेतली.

तुझा सुक्या मासळीचा धंदा. उद्या गिऱ्हाइकांना ही माशी कुठली ते कळलं तर तुझी अब्रू जाईल, आणि तीही माझ्या तोंडाळपणामुळे. हात जोडतो, फलक आजच्या आज उतरव.

तुझा भाचा,
दिपेश

ता. क. मंडळाचा नियम असा, की कीटक कशावर आणि कुणाकडचा ते टाचणीखालच्या चिठ्ठीवर खरं लिहायचं. वासंतीबाईंनी दातओठ खात स्वतः लिहिलं, 'सुके बोंबील, जनीबाई यांचे.' म्हणजे माशीला तुझं नाव लागलंच की! फलक राहू दे.

आणखी एक. पिशवी त्यांनी फेकून दिली, तेव्हा नवी पाठव. फक्त या खेपेला बोंबलांना दोन उन्हं जास्त दाखव.