मशीनला ऊन लागलं नव्हतं

नागपूर, मे १९८९, मंगळवार

सापडलं! बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करणारा आमचा कंप्यूटर फक्त दुपारीच बंद पडायचा. साहेब म्हणाले, "मशीनले ऊन लागते." झालं, आमचा कूलर मशीनकडे वळला आणि आम्ही घामानं निथळलो.

पण कूलर लावूनही मशीन दुपारीच का मरते, तेवढ्याच उकाड्यात संध्याकाळी का नाही? आज शेजारच्या टेबलावरच्या शीलानं घोषणा मध्येच बंद केली, मशीन मेली, आणि माझी ट्यूब पेटली. दुपारी साहेब खुर्चीत डुलकी घेतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून "नरखेडला जाणारी..." एवढं ऐकू आलं की आम्हीच आवाज तोडतो! तेव्हा मी लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे साउंड कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आवाजाची मेमरी मोकळी करायचा, पण कार्डाला थांब म्हणून सांगायचाच नाही. कार्ड त्याच मेमरीत पुढचा आवाज शोधायचं आणि अख्खा कर्नल, मशीनचा गाभाच, कोसळायचा. चूक माझीच, पण सापडली कोणाला? मलाच!

आधी कार्ड थांबवलं, मग मेमरी सोडली. कूलर बंद करून भर दुपारी पुन्हा पुन्हा आवाज तोडला. मशीन ठणठणीत. मग "नरखेडला जाणारी गाडी" पूर्ण आवाजात सोडली.

साहेब दचकून उठले. "काय करून राहिली वं?"

"कूलर परत नेऊन राहिले, साहेब."